दोघांचं रक्त

पोर गेली त्या हिवाळ्यानंतर पितांबर डॉक्टर छाजेडांच्या दवाखान्याची पायरी चढला तो थेट आषाढात, आणि तोही स्वतःहून नाही. त्याच्या बायकोला, लताला, ताप आला म्हणून ती औषधाला गेली होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, उद्या नवऱ्याला घेऊन या, तुमच्या प्रज्ञाबद्दल बोलायचं आहे.

पितांबर केळीच्या कापणीतून तसाच आला. घडाच्या दांड्यातून गळलेला चीक त्याच्या मानेवर आणि बंडीवर काळा पडला होता. पाय घोट्यापर्यंत चिखलाचे. दवाखान्याची फरशी स्वच्छ होती, म्हणून तो उंबऱ्याशीच घुटमळला. हा दवाखाना बाजारपेठेत, डॉक्टरांच्या वडिलांच्या, भंवरलालशेठच्या कापडदुकानाला लागून होता. बौद्धवाड्यातलं कोणीही आजारी पडलं की इथंच यायचं. पितांबरच्या बापाला शेवटचं सलाईन इथंच लागलं होतं.

बाकावर टोळीचा मुकादम नथ्थू बोटाला फडकं गुंडाळून बसला होता. डॉक्टरांचं टेबल पडद्याच्या आड होतं, पण पडद्याआडचं बोलणं बाकावर ऐकू येई.

"मागच्या महिन्यात धुळ्याला आम्हा डॉक्टरांचं शिबिर होतं," डॉक्टर म्हणाले. "तिथं एका आजाराची माहिती दिली. ऐकताना मला तुमची प्रज्ञाच दिसत होती. बोटं सुजायची, थंडीत सांधे धरायचे, डोळे पिवळे व्हायचे. मी संधिवात समजून औषध देत होतो. तो संधिवात नव्हता."

लताने पदराचं टोक मुठीत धरलं. पितांबर खाली बघत म्हणाला, "आता पोर गेली, डॉक्टर. आता काय त्याचं."

"मी पुढच्या मुलाचं बोलतोय. आपल्या रक्तातल्या पेशी गोल असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात. त्यानं ती कळ येते. पण हे नीट ऐका. तुम्हाला दोघांना काही त्रास नाही, होणारही नाही. आईकडून एक दोष आणि बापाकडून एक, असा दोन्हीकडून आला तरच लेकराला आजार होतो. एकाकडून आला तर होत नाही. म्हणून दुसरं मूल होण्याआधी दोघांचं रक्त बघून घ्यावं, असं मला वाटतं. सक्ती नाही."

लताने लगेच हात पुढे केला. "मनं बघा," ती म्हणाली. ती धरणगावकडची. लग्नाला सहा वर्षं होत आली तरी तिची बोली तिकडचीच राहिली होती, आणि तिच्या 'शे'ला आणि 'मनं'ला इकडच्या बाया अजून हसत.

डॉक्टरांनी तिच्या बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब काचेच्या नळीतल्या पाण्यासारख्या औषधात सोडला आणि नळी हलवून ठेवून दिली. मग थोड्या वेळाने वर्तमानपत्राचा तुकडा नळीमागे धरला. नळी गढूळ झाली होती. मागची अक्षरं दिसत नव्हती.

"लताबाईंच्या रक्तात आहे," डॉक्टर म्हणाले. "यात घाबरण्यासारखं काही नाही. आता तुझा हात, पितांबर."

बाकावर नथ्थू खाकरला. पितांबर उठून उभा राहिला.

"उद्या येतो. ट्रक भरायचा बाकी हाये."

"दोन मिनिटांचं काम आहे."

"उद्या येतो," म्हणून तो पडदा सारून बाहेर आला. नथ्थूने पाय आखडून त्याला वाट दिली आणि त्याच्या मागून येणाऱ्या लताकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

घरी पितांबरची आई द्रौपदाबाई वाटच बघत होती. नात गेल्यापासून तिचं जेवण कमी झालं होतं. दारात चाहूल लागली की ती मान वर करी आणि पुन्हा खाली घाली. लता चुलीपुढे बसून भाकरीचं पीठ मळायला लागली. पितांबर मोरीत हात धूत होता. चीक काही निघत नव्हता.

"काय म्हने डॉक्टर?" द्रौपदाबाईने विचारलं.

"पोरीले रक्ताचा आजार होता म्हने. तो मायबापाकडून येतो."

"कोनाकडून?"

परातीतला लताचा हात थांबला. ती वळून पितांबरकडे बघू लागली. रागावून नाही. तो पुढे काय सांगतो ते ऐकायला बघावं, तशी. पितांबरने तांब्याभर पाणी हातावर घेतलं.

"तिचं रक्त पाह्यलं," तो म्हणाला. "तिच्या रक्तात निघालं."

"अन् तुह्या?"

"माहं काय. मले कधी काही झालं का?"

लता अजून त्याच्याकडे बघत होती. पितांबरने हात पुसले, टॉवेल खुंटीला टांगला, तो नीट बसला नाही म्हणून पुन्हा काढून टांगला. मग परातीत थाप पडल्याचा आवाज आला. लता भाकरी थापायला लागली होती.

त्या दिवशी त्याने खोटं असं काहीच सांगितलं नव्हतं. तो स्वतःला हेच सांगत राहिला. उद्या तपासून घेऊ, मग सगळं एकदमच सांगू. पण दुसऱ्या दिवशी कापणीत नथ्थू म्हणाला, "बायकोचं रक्त नासेल निघालं म्हने तुह्या," आणि बाकीच्यांनी मान हलवली. खांद्यावर घड होता. पितांबर तसाच ट्रककडे चालत गेला, पाल्याच्या थरावर घड उतरवला आणि दुसरा आणायला वळला. बोलायची वेळ होती ती तेवढीच.

गाव मोठं नव्हतं. श्रावण निम्मा सरायच्या आत बौद्धवाड्यात सगळ्यांना कळलं. मग पाटलांच्या मळ्यात निंदायला जाणाऱ्या बाया लताच्या ओळीच्या शेजारची ओळ सोडून धरायला लागल्या. न्याहारीच्या वेळी कोणी तिच्या भाकरीशी भाकरी बदलत नसे. तोंडावर कोणी काही म्हणत नव्हतं. म्हणालं असतं तर तिला उत्तर तरी देता आलं असतं.

भादव्यात शेजारच्या नर्मदाबाईच्या नातवाचं बारसं होतं. अंगणात ताडपत्री बांधली होती. पुरुषांची पंगत बसली होती आणि पितांबर जगमधून पाणी वाढत होता. आत पाळण्याभोवती बाया जमल्या होत्या. बाळाला एकीच्या हातातून दुसरीच्या हातात देत देत फिरवत होत्या. लताच्या शेजारच्या बाईने सवयीने बाळ तिच्याकडे केलं. लताने दोन्ही हात पुढे केले, बाळाच्या मानेखाली तळवा गेलासुद्धा. एवढ्यात नर्मदाबाईने मधून हात घालून बाळ उचललं.

"राहू दे लता. तू नको घेऊ," ती म्हणाली. "वाईट नको वाटू देऊ माय. लहान जीव हाये."

लताचे हात काही वेळ तसेच पुढे राहिले. मग तिने ते पदराखाली घेतले.

पितांबरने दारातून हे सगळं पाहिलं. पंगतीतल्या कोणीतरी पाणी मागितलं. तो पुढच्या माणसाच्या पेल्यात पाणी ओतायला वाकला आणि पेला भरून वाहून पत्रावळीत सांडेपर्यंत ओतत राहिला.

घरी येताना लता त्याच्या मागे दोन पावलं होती. बोळात कोणी नव्हतं.

"तुम्ही डॉक्टरकडे कधय जाशात?" तिने विचारलं.

"जाईन."

"पोर दोन्हीस्नी व्हती," ती म्हणाली. "डॉक्टरनी सांगं, ते तुम्ही बी आयकं."

तो तसाच पुढे चालत राहिला. तिने पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, बाकावर कोणी नसेल अशा वेळी, तो दवाखान्यात गेला. डॉक्टर जेवायला उठत होते. त्यांनी काही न विचारता त्याचं बोट पुसलं. पितांबरने तोंड फिरवलं. नळी हलवून ठेवल्यावर दोघे वाट बघत बसले. पलीकडे दुकानात भंवरलालशेठ कापड मोजत होते, गज आपटल्याचा आवाज येत होता. डॉक्टरांनी नळीमागे कागद धरला आणि पितांबरपुढे केला. त्याला वाचता येत होतं. पण वाचण्यासारखं काही दिसलं नाही.

"याचा अर्थ कळला ना?" डॉक्टर म्हणाले. "तुझ्यात नसतं तर पोरीला आजार झालाच नसता. हे मी त्या दिवशीच सांगितलं होतं."

"हो."

"लताबाईंना लोक काय बोलतात ते माझ्या कानावर येतं. पडद्याबाहेर माणसं बसली आहेत याचं मला भान राहिलं नाही. माझी चूक झाली ती. मी तुझ्या आईला समजावून सांगू का?"

"नका. मी सांगतो."

"सांगशील?"

"सांगतो म्हटलं ना."

डॉक्टरांनी नळी धुवायला टाकली. पितांबर बाहेर पडला आणि घरी न जाता सुकी नदीच्या पुलावर जाऊन बसला. नदीला गढूळ पाणी होतं. सांगायचं तर इतक्या दिवसांत का सांगितलं नाहीस, हा प्रश्न आधी येणार होता. आधी सांगण्यासारखं एकच होतं, आता दोन झाली होती, रक्ताचं आणि गप्प राहिल्याचं. घरी गेला तेव्हा आईने वाढलं, तो जेवला, आणि झोपला.

आश्विनात द्रौपदाबाईने भावाला बोलावून घेतलं. पितांबरचा मामा चिंधा पलीकडच्या गावचा. बोलायला मोकळा, मनाने वाईट नाही. लताच्या बापाला, भिकालाही निरोप गेला. भिका सकाळच्या एसटीने धरणगावहून निघाला आणि दोन गाड्या बदलून दुपारी पोचला. "जयभीम" करून ओट्यावर टेकला. त्याला पाणी दिलं ते लतानेच.

चिंधामामाने सुरुवात केली. "भिकाभाऊ, आमचं तुमच्याशी भांडन नाई. पोरगी कामाची हाये, तोंडाची गोड हाये. पन डॉक्टरनं सांगतलं तिच्या रक्तात दोष हाये. पुढचंही लेकरू तसंच झालं त काय करायचं? बहिनीले एकच पोरगा."

"मंग काय करानं म्हंतस?" भिकाने विचारलं.

"काही दिवस तिकडं राहू द्या तिले. पितांबरचं आम्ही पाहू. माही लेक वच्छला हाये. घरातलंच रक्त हाये, पारखलेलं."

भिकाने डोक्याची टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. त्याचे केस विरळ झाले होते, कपाळावर टोपीचा वळ होता. तो मामाकडे न बघता जावयाकडे वळला.

"पितांबर, तू बोल भाऊ. मनी पोरनं काय चुकनं?"

ओट्याखाली शेजारचे दोघे-तिघे उभे होते. दारात लता उभी होती. पितांबर अंगठ्याच्या नखाने बंडीवरचा चिकाचा डाग खरवडत होता. तो डाग निघत नसतो हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. आत्ता तोंड उघडलं की झालं, असं त्याला वाटलं, आणि तसं वाटता वाटता वेळ गेला.

"माय म्हनते तसं," तो म्हणाला.

भिकाने टोपी डोक्यावर घातली. लता आत गेली. तिचं सामान एका पिशवीत मावलं. निघताना ती पितांबरच्या जवळ येऊन थांबली, फक्त त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलली.

"माले सांगता येतं. पन मना तोंडनं कोन्ही खरं मानाव नही. म्हनीसन मी उगी ऱ्हायनू."

मग ती बापामागून एसटी स्टँडच्या रस्त्याला लागली. भिका झपझप चालत होता, तिला पिशवी घेऊन त्याला गाठावं लागत होतं.

तिच्या जाण्याने घरात फारसं काही बदललं नाही. भाकरी आई करू लागली. कापणी जोरात होती, ट्रक दिल्लीला जात होते, सकाळपासून अंधार पडेपर्यंत घड वाहायचे. टोळीतले लोक त्याच्याशी आता पूर्वीपेक्षा चांगलं वागत. नथ्थू म्हणाला, "सुटला तू." डब्यातलं लोणचं पुढे केलं. पितांबरने ते घेतलं आणि खाल्लं. एकदा घसरणीवर त्याचा पाय गेला, घड खांद्यावरून निसटला आणि फण्या चिखलात फुटल्या. नथ्थू एरवी शिव्या द्यायचा. त्या दिवशी म्हणाला, "जाऊ दे. डोक्याले ताप हाये त्याच्या." पितांबर चिखलातल्या फण्या गोळा करत राहिला. त्याला शिव्या हव्या होत्या.

कार्तिकात चिंधामामाकडून निरोप आला, बोलणी पक्की करायला या. द्रौपदाबाई अंगणात सुपात ज्वारी घेऊन खडे निवडत होती. पितांबर कामावरून येऊन पायरीवर बसला होता.

"वच्छला चांगली पोरगी हाये," आई म्हणाली. "माह्या भावाची लेक. मले पानी तरी हातचं देईन." मग खडे निवडता निवडता, कोणाला सांगत नसल्यासारखी बोलली, "नशीबच तसं, या घरात लेकरं टिकत नाईत. माहे दोन तसेच गेले. तुह्या आगोदरचे. हातपाय सुजायचे बिचाऱ्यांचे, रात्रंदिवस रडायचे. भाऊच्या घरचंही एक तसंच गेलं होतं."

पितांबरने मान वर केली. "हातपाय सुजायचे?"

"प्रज्ञाचे सुजायचे तसेच. मी म्हनत होती ना तुले तवा."

ती म्हणाली असेल. त्याला आठवेना. सूप फडफडलं, कोंडा त्याच्या पायावर उडाला. मामाचं घर, आईचं घर, पारखलेलं रक्त. वच्छला अठरा वर्षांची होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"माय," तो म्हणाला. "वच्छलाचं करू नको."

"काहून?"

"माह्याही रक्तात हाये ते. मी तपासून आलो."

सूप थांबलं. द्रौपदाबाईने ते मांडीवर ठेवलं. "कवा?"

"भादव्यात."

"म्हंजे लता जायच्या आगोदर."

"हो."

"अन् भिकाभाऊनं टोपी काढली तवा तुले माहीत होतं?"

त्याने होकाराची मान हलवली. आईने त्याच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा रागावला नाही. त्यापेक्षा वाईट झालं, तो ओळख पटल्यासारखा झाला.

"माहा दुसरा गेला," ती म्हणाली, "तवा माही सासू या अंगनात उभी राहून मले लेकरंखाई म्हने. बाया ऐकत होत्या. तुहा बाप तिथंच बसला होता, तू बसला तिथंच. जमिनीकडं पाहत होता." तिने सुपातली ज्वारी विनाकारण एकदा हाताने पसरली. "मी तवा म्हनत होती, याले तोंड काहून नाई. तूही तसाच निघाला. अन् मी तिच्यासंगं तेच केलं, जे माह्यासंगं झालं. आता मी कोन्त्या तोंडानं बोलू."

ती उठली नाही. उजेड गेल्यावरही बसूनच राहिली. भाकरी पितांबरने केल्या, जाड आणि कच्च्या. दोघांनी त्या खाल्ल्या.

पितांबर धरणगावला पोचला तेव्हा भिकाच्या घराला कडी होती. शेजारणीने सांगितलं, बठ्ठा वेचणीले गयात, घरमा कोन्ही नही. तो विचारत विचारत शेतावर गेला. कापूस फुटून रान पांढरं झालं होतं. बाया ओळीने वेचत होत्या, पोटाशी ओटी बांधून. लता उन्हाने काळवंडली होती. तिने त्याला बांधावर पाहिलं आणि वेचत राहिली. भिका पलीकडे गाठोडं बांधत होता. त्याने "ये" म्हटलं नाही, "जा"ही म्हटलं नाही.

पितांबर तिच्या शेजारच्या ओळीत उतरला आणि वेचू लागला. त्याला वेचायची सवय नव्हती. बोंडांच्या वाळल्या टोकांनी बोटं सोलली. कापूस ठेवायला ओटी नव्हती, म्हणून शर्टाच्या ओच्यात घेतला. बाया एकमेकींकडे बघून हसत होत्या. एका म्हातारीने विचारलं, "हाऊ कोन व?"

"मना नवरा," लता म्हणाली. "मनं रक्त खराब शे म्हनीसन धाडी दिन्हं, तो."

हसणं थांबलं. पितांबरने हातातलं बोंड सोडलं नाही.

"खराब नाई," तो म्हणाला. आवाज घोगरा निघाला. "अन् आहे म्हटलं त माह्यातही तेच हाये. तितकंच. मले माहीत होतं अन् मी बोललो नाई."

"आठे सांगीसन काय फायदा," लता म्हणाली. "आठे माले कोन्ही काही म्हनत नही. तथा, तुमना गावमा सांगा."

"सांगतो."

"आनि पुढलं लेकरू व्हवाव का नही, ते मी ठरावसू. तुम्ही नही, आत्याबाई नही."

"बरं," तो म्हणाला.

ती ओळ संपेपर्यंत वेचत राहिली. त्याच्या ओच्यातला कापूस तिने आपल्या ओटीत ओतून घेतला, कारण त्यात पाचोळा फार होता आणि तो काढायला हवा होता. तिच्या बापाने वेचणी उरकल्यावर पाठवतो म्हटलं. पितांबर एकटाच परतला.

वेचणी उरकल्यावर भिका तिला तालुक्याच्या गावापर्यंत, रावेरला, पोचवून गेला. पितांबर आणि लता आधी दवाखान्यात गेले. या वेळी डॉक्टरांनी बाकावरची माणसं आत बसवली आणि या दोघांना दुकानामागच्या खोलीत नेलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं. दर खेपेला, चारात एक वेळ, तसाच आजार. चारात दोन वेळा, तुमच्यासारखंच, बिनत्रासाचं. एक वेळ काहीच नाही. पोटात असताना कळण्याची सोय मुंबईत आहे, असं ऐकलं आहे, चौकशी करून सांगतो. लताने सगळं ऐकलं. ती म्हणाली, "तुम्ही चौकशी करा. मी इचार करसू." डॉक्टरांनी हे तिलाच विचारायचं आहे असं धरून तिच्याकडे बघूनच मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लता पाण्याला हापशीवर गेली तेव्हा पितांबर तिच्याबरोबर गेला. पुरुष हापशीवर येत नसत. नंबराला आठ-दहा बाया होत्या. नर्मदाबाई दांडा मारत होती. लताला पाहून बोलणं थांबलं, हंडे जरा इकडेतिकडे सरकले आणि लताचा हंडा ठेवायला जागा झाली ती सगळ्यांपासून हातभर लांब.

"काकू," पितांबर म्हणाला. त्याने घसा खाकरला. "तुम्हा सगळ्यांले सांगायचं होतं. लताच्या रक्तात जे हाये म्हनता, ते माह्याही रक्तात हाये. तपासलं मी. पोरगी गेली ती दोघांमुयं. तिचा एकटीचा दोष नाई."

हापशीचा दांडा थांबला. नर्मदाबाईने पदराने तोंड पुसलं आणि त्याच्याकडे माया केल्यासारखं पाहिलं.

"पितांबर, तुह्यासारखा नवरा कोनाले भेटत नाई," ती म्हणाली. "बायकोचं आपल्या अंगावर घेतं लेकरू."

"तसं नाई काकू. खरंच—"

"कळते रे बाप्पा. आम्हाले कळत नाई का? परत आनलं तिले, तेच खूप केलं." बाकीच्या बायांनी माना डोलावल्या. एक जण लताला म्हणाली, "धरून राह्य माय याले. दुसरा असता त कवाच केली असती दुसरी."

खरं बोलल्यावर तो त्यांच्या डोळ्यांत आणखी चांगला झाला होता, आणि त्या चांगुलपणाचं ओझं लताच्याच माथी आलं होतं. त्याने लताकडे पाहिलं. तिने हंडा उचलून हापशीखाली ठेवला.

तेव्हा मागून द्रौपदाबाई आली. तिच्या हातात रिकामी कळशी होती. तिने सगळं ऐकलं होतं की शेवटचंच, कोण जाणे.

"नर्मदा," ती म्हणाली, "तो खोटं बोलत नाई. ते माह्याकडून आलं त्याच्यात. माहे दोन गेले ते तुह्या ध्यानात असतीन. हात सुजून गेले. माह्या भावाचंही एक गेलं. आमच्या घरचंच हाये ते. ही पोरगी यायच्या कितीतरी आगोदरपासून." तिचा श्वास भरला होता. "तुह्या सासूनं मले तवा बारशाच्या पंगतीतून उठवलं होतं. तुले आठवते का? तू नवी होती."

नर्मदाबाई दांडा सोडून बाजूला झाली. नवरा म्हणाला ते बायांना खरं वाटलं नव्हतं. ही म्हातारी स्वतःच्या पोटाबद्दल बोलत होती, ते त्यांनी लगेच मानलं. त्या आता तिच्याकडे बघत होत्या, आणि कसं बघत होत्या ते पितांबरला दिसत होतं. त्याने स्वतःसाठी जे सांगायला हवं होतं ते पुन्हा एका बाईने आपल्या माथी घेऊन सांगितलं होतं. बापाकडूनही आलं असेल, एकट्या आईकडूनच आलं असं कोणी सांगावं, असं तो म्हणणार होता. पण ऐकायला कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं.

लताने दांडा मारून हंडा भरला. मग सासूच्या हातून कळशी घेतली, तीही भरली. हंडा डोक्यावर चढवून घेताना तिने हातभाराला शेजारी पाहिलं. पितांबर पुढे झाला, पण त्याआधी द्रौपदाबाईने हंड्याखाली हात दिला होता. कळशी म्हातारीने कमरेवर घेतली. दोघी बोळातून चालू लागल्या, पुढे लता, मागे सासू. नर्मदाबाईने वाटेतला आपला हंडा ओढून बाजूला घेतला.

पितांबर हापशीपाशी उभा होता. सांडलेलं पाणी त्याच्या पायाखालून वाहत होतं, आणि नंबराच्या बाया तो बाजूला होण्याची वाट बघत होत्या.